उंदीर, साखरपाणी आणि माझी गोळी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये दहा गोळ्यांची एक स्ट्रिप अकरा दिवस पडून होती. दहाच्या दहा गोळ्या जागच्या जागी.

प्रिस्क्रिप्शन होतं, मेडिकलवाल्याचं बिल होतं, सायकिअ‍ॅट्रिस्ट बाईंनी अर्धा तास बसवून नीट समजावलंही होतं. फक्त मी गोळी घेत नव्हते. रोज रात्री ड्रॉवर उघडायचा, स्ट्रिपकडे बघायचं, ड्रॉवर बंद करायचा. जिमची वर्षाची फी भरून एकदाही न जाणारी माणसं असतात ना, त्यातलाच प्रकार!

मला नेमकं काय होत होतं? खरं सांगायचं तर 'काही' होतच नव्हतं, आणि तीच तक्रार होती. रडू नाही, भांडण नाही, ब्रेकअप नाही. पहाटे चारला जाग यायची आणि छताचा पंखा बघत पडायचं. फ्रीलान्सर असल्यामुळे ऑफिसला दांडी मारायचीही सोय नाही! एडिटरचे फोन वाजून वाजून थांबायचे. मी मोबाइल हातात धरून नुसती बघत बसायचे. पृथ्वीला नाटकाची तिकिटं काढली आणि गेलेच नाही. दोन चमचे साखर घालून चहा पिणारी मी. एक दिवस अख्खा कप बिनसाखरेचा संपवला आणि रूममेटने सांगेपर्यंत मला पत्ताही नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं होतं, ''कशात गोडी वाटते सध्या?'' मी बराच वेळ विचार केला. उत्तर सापडलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि लिहायला घेतलं.

ड्रॉवर उघडला जातो!

बाराव्या रात्री माझी रूममेट चार्जर शोधत माझ्या ड्रॉवरपर्यंत पोचली. मुलुंडच्या वन बीएचकेत प्रायव्हसी नावाची गोष्ट नसतेच. तिने स्ट्रिप उचलली, मागचं नाव वाचलं. आता लेक्चर मिळणार म्हणून मी तयारच होते. ती म्हणाली, ''अगं, ही तर मी उंदरांना दिलीये!''

मी किती दिवसांनी हसले, देव जाणे.

माझी ही रूममेट एम.फार्म. आहे. आता एका औषध कंपनीत दिवसभर कागदपत्रं तपासते, पण कॉलेजात तिचा प्रोजेक्ट होता उंदरांवर. म्हणजे आपल्या किचनमध्ये येतात ते काळे-करडे नव्हेत, लॅबमधले पांढरे, लाल डोळ्यांचे विस्टार जातीचे. या उंदरांना ताण द्यायचा, वेगवेगळ्या गटांना डिप्रेशनवरची वेगवेगळी औषधं द्यायची, आणि मग दोन गोष्टी बघायच्या. एक, उंदीर वागतो कसा. दोन, त्याच्या रक्तातलं स्ट्रेस हॉर्मोन काय म्हणतं.

त्या रात्री बाहेर पाऊस कोसळत होता, लाइट गेले होते, आणि आम्ही दोघी किचनच्या ओट्यापाशी मेणबत्ती लावून उंदरांवर बोलत होतो. पुढचे कित्येक दिवस मी याच विषयावर वाचत बसले. स्वतःबद्दल विचार करायचा नसला की उंदरांबद्दल वाचणं फार सोपं असतं!

ताण नावाचा शोध

'स्ट्रेस' हा शब्द आपण दिवसातून वीस वेळा वापरतो, पण तो आपल्या तोंडी आला उंदरांमुळेच. व्हिएन्नात जन्मलेला हान्स सेल्ये १९३०च्या दशकात कॅनडातल्या माँट्रियलमध्ये, मॅकगिल युनिव्हर्सिटीत, उंदरांना एका ग्रंथीचा अर्क टोचत होता. रॉबर्ट सपोल्स्की हा अमेरिकन शास्त्रज्ञ ही गोष्ट फार रंगवून सांगतो. सेल्येचा हात म्हणे जरा धसमुसळा होता. उंदीर हातातून पडायचे, पळायचे, मग साहेब झाडू घेऊन त्यांच्यामागे धावायचे. शेवटी तपासलं तर उंदरांच्या पोटात अल्सर, अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगलेल्या. पण ज्यांना अर्क दिलाच नव्हता, नुसतं टोचलं होतं, त्यांचीही तीच अवस्था!

म्हणजे दोष अर्काचा नव्हता. मग सेल्येने थंडी, जखम, दमछाक असे नाना प्रकार करून बघितले. कारण कुठलंही असो, शरीराचं उत्तर एकच. १९३६ मध्ये त्याने हे 'नेचर'मध्ये एका छोट्याशा पत्रात छापलं. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या त्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून जे हॉर्मोन सुटतं, ते माणसात कॉर्टिसॉल आणि उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन. मेंदूने घंटा वाजवली की काही मिनिटांत ते रक्तात चढतं, संकट टळलं की मेंदूच पुन्हा 'बस झालं' म्हणून ते खाली आणतो. डिप्रेशन असलेल्या सगळ्यांचं नाही, पण बऱ्याच जणांचं हे 'बस झालं' म्हणणारं बटणच नीट चालत नाही.

तरंगणारा उंदीर

रूममेटच्या प्रोजेक्टमधली मुख्य परीक्षा होती पोहण्याची. रॉजर पोर्सोल्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ती जगापुढे मांडली. काचेचं उंच भांडं, त्यात साधारण २५ अंशांचं पाणी, पाय टेकणार नाहीत इतकं खोल. पहिल्या दिवशी उंदराला पंधरा मिनिटं त्यात सोडायचं. तो भिंतीवर चढायला बघतो, गोल गोल पोहतो, बुडी मारतो. बाहेर पडायची वाट नाही हे कळलं की थांबतो. नाक पाण्याबाहेर राहील इतपतच हालचाल, बाकी नुसतं तरंगणं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच मिनिटं सोडलं की तो फार लवकर तरंगायला लागतो. आणि मधल्या वेळात इमिप्रामिनसारखं डिप्रेशनवरचं औषध दिलेलं असेल, तर तो जास्त वेळ हातपाय मारतो.

''मी स्टॉपवॉच घेऊन बसायचे,'' रूममेट सांगत होती. ''तरंगला की बटण दाबायचं, हलला की सोडायचं. मग टॉवेलने पुसून बल्बखाली ठेवायचा. आणि प्रयोग संपला की...'' पुढचं ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. त्या उंदरांना प्रयोगानंतर घरी पाठवत नाहीत, एवढं मलाही कळत होतं.

मी म्हटलं, ''म्हणजे मी तरंगतेय.''

वाजणारा फोन हातात धरून बसलेली मी. नाक पाण्याबाहेर, बाकी सगळं बंद. उंदराच्या या तरंगण्याला पोर्सोल्टने हताशपणाच म्हटलं होतं. मला एकदम आरशात बघितल्यासारखं झालं.

पण रूममेट म्हणाली, ''थांब. तो हरला, हे आपण म्हणतोय. कदाचित तो शहाणा झाला असेल. बाहेर पडता येत नाही, मग ताकद कशाला घालवा?''

हा वाद खराच आहे, आणि जोरात आहे. २०१५ मध्ये दोन डच संशोधकांनी ठणकावून लिहिलं की हे तरंगणं म्हणजे डिप्रेशन नव्हे, परिस्थितीशी घेतलेलं जुळवून आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने तर २०२४ मध्ये ही परीक्षा कायद्यानेच बंद केली. आणखी एक खोच अशी, की उंदरांवर औषधाचा असर एका दिवसात दिसतो, माणसाला मात्र काही आठवडे लागतात.

मला त्या रात्री मात्र दुसरंच काही सुचत होतं. शहाणपण आणि हार बाहेरून इतकी सारखी दिसत असतील, तर माझं काय चाललंय हे मला तरी आतून कळतंय का?

दोन औषधं, दोन तऱ्हा

१९९५ मध्ये एका अमेरिकन गटाने याच परीक्षेत एक साधी सुधारणा केली. फक्त तरंगणं न मोजता, उंदीर न तरंगता काय करतो तेही मोजलं. गंमत बघा! नॉरअ‍ॅड्रेनलिनवर काम करणारं डेसिप्रामिन घेतलेले उंदीर भिंतीवर चढायला बघत होते. सेरोटोनिनवर काम करणारं फ्लुऑक्सेटिन, म्हणजे १९८७ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेलं प्रोझॅक, घेतलेले उंदीर पोहत होते. दोन्ही गट तरंगत कमी होते. पण एकाची धडपड वरच्या दिशेने, दुसऱ्याची आडवी!

म्हणजे 'औषधाने बरं वाटतं' हे एकच वाक्य नाहीच मुळी.

हॉर्मोनची गोष्ट तर याहून वळणाची. आपल्याला वाटतं, गोळी घेतली की स्ट्रेस हॉर्मोन उतरणार. पण फ्लुऑक्सेटिनचा पहिलाच डोस उंदराच्या रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन उलट चढवतो! काही आठवडे औषध चालू ठेवलं की बऱ्याच प्रयोगांत चित्र पालटतं. १९९०च्या दशकातल्या प्रयोगांत असं दिसलं, की दीर्घकाळ दिलेल्या काही औषधांनी उंदराच्या मेंदूत या हॉर्मोनची खबर घेणारे रिसेप्टर वाढतात. ते 'बस झालं'चं बटण हळूहळू पुन्हा चालू लागतं. पण प्रत्येक औषधाने नाही आणि प्रत्येक प्रयोगात नाही. कधी वागणं सुधारतं आणि हॉर्मोन जागचं हलत नाही. कधी त्याच्या उलट.

त्यात फ्रान्समध्ये तयार झालेलं टियानेप्टिन नावाचं औषध तर सगळ्यांचीच पंचाईत करून गेलं. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ते सेरोटोनिनच्या बाबतीत फ्लुऑक्सेटिनच्या नेमकं उलट काम करत होतं, आणि तरीही ताण दिलेल्या उंदरांच्या मेंदूतल्या पेशींच्या फांद्या सुकण्यापासून वाचवत होतं. त्याचं काम वेगळ्याच, ओपिऑइड रिसेप्टरवर चालतं, हे कळायला २०१४ उजाडलं. 'मेंदूत एक केमिकल कमी पडलं, गोळीने ते भरून काढलं' हा हिशेब इतका सोपा असता तर काय हवं होतं!

साखरपाणी

पण मला ज्या प्रयोगाने खरं धरून ठेवलं, तो वेगळाच आहे. त्यात ना बुडवणं, ना शॉक. लंडनमधल्या पॉल विल्नर आणि सहकाऱ्यांनी तो १९८७ मध्ये प्रसिद्ध केला.

यात उंदराला मोठं संकट द्यायचंच नाही. फक्त रोजची छोटी छोटी कटकट, तीही कधी काय येईल याचा नेम नाही अशी. आज पिंजरा तिरका करून ठेवायचा. उद्या खालचा भुसा ओला करायचा. परवा रात्रभर दिवा चालू. मग पिंजऱ्यात अनोळखी जोडीदार. कधी जेवण उशिरा, कधी पाणी गायब.

मी यादी वाचली आणि आमच्या फ्लॅटकडे बघितलं. जुलैतली ओल, समोरच्या बांधकामाचा रात्रभर जळणारा फ्लडलाइट, दोन दिवसांआड जाणारं पाणी, चार महिन्यांत बदललेली तिसरी रूममेट (ही चौथी, सुदैवाने टिकली). वर तीन महिने अडकलेलं एका ठिकाणचं पेमेंट. विल्नरसाहेब, तुम्ही मुलुंडला कधी आला होतात?

काही आठवडे हे असं चाललं की उंदराला दोन बाटल्या देतात, एकीत साधं पाणी, दुसरीत किंचित साखर घातलेलं. उंदीर गोडाचा शौकीन. पण हा कटकटीत राहिलेला उंदीर साखरेच्या बाटलीकडे पूर्वीसारखा वळत नाही. गोड असलं काय नि नसलं काय, त्याला सारखंच.

मी वाचता वाचता थांबले. माझा तो बिनसाखरेचा चहा! आणि डॉक्टरांचा तो प्रश्न. विल्नरला त्यासाठी लॅब लागली, आपण मराठीत कधीपासून म्हणतोय, 'कशातच गोडी वाटत नाही'.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. या उंदरांना मग डिप्रेशनवरचं औषध देतात. एका दिवसात काही होत नाही. तीन-चार आठवडे जावे लागतात, अगदी माणसासारखे. मग उंदीर हळूहळू साखरेच्या बाटलीकडे परत येतो. आणि या सगळ्या काळात कटकट थांबवलेली नसते. पिंजरा तिरकाच असतो. भुसा ओलाच असतो. उंदराला गोडी लागते ती त्या तिरक्या पिंजऱ्यात.

गोळी न घेण्याचं माझं खरं कारण इथे मला सापडलं. मला वाटत होतं, माझं दुःख खरं आहे. पेमेंट खरंच अडकलंय, झोप खरंच होत नाही. गोळी घेतली म्हणजे हे सगळं खोटं होतं, दोष माझ्याच मेंदूचा होता, असं कबूल केल्यासारखं. पण विल्नरच्या उंदराने काहीच कबूल केलं नव्हतं. पिंजरा तिरका होताच. औषधाने फक्त साखरेची चव परत आली होती.

त्या रात्री मी पहिली गोळी घेतली.

आईचा प्रश्न

पहिला आठवडा वाईट गेला, हे लपवत नाही. पोटात ढवळणं, हात थरथरणं, झोप आणखी उडालेली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, सुरुवातीला अस्वस्थ वाटू शकतं, घाबरून बंद करू नका, काही जास्त वाटलं तर फोन करा. मी दोनदा केला. तुम्हीही हे लक्षात ठेवा. ही गोळी मैत्रिणीच्या सल्ल्याने सुरू करायची नसते आणि स्वतःच्या मनाने अचानक बंद तर मुळीच करायची नसते.

मग आईला सांगितलं. सांगलीला फोन लावला, इकडचं तिकडचं बोलले आणि एका दमात सांगून टाकलं. पलीकडे शांतता. मग आली ठरलेली वाक्यं. ''अगं, सवय लागली म्हणजे?'' ''उद्या लग्नाचं बघायचंय, कुणाला कळलं तर?'' आणि सगळ्यात हळू आवाजात, ''माझं काही चुकलं का गं?''

मला काय उत्तर द्यावं कळेना, म्हणून मी तिला उंदरांची गोष्ट सांगितली. सगळीच. पोहणं, साखरपाणी, तिरका पिंजरा. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ''आणि त्या उंदराची आई कुठं होती?''

आता यावरही प्रयोग झालाय हे तिला कुठून माहीत असणार! सेल्येच्याच मॅकगिलमध्ये मायकेल मीनी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की ज्या उंदरीण आया जन्मानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत पिल्लांना जास्त चाटतात, त्यांची पिल्लं मोठेपणी ताण आला तर कमी घाबरतात. त्यांचं कॉर्टिकोस्टेरॉन कमी चढतं, मेंदूतले ते रिसेप्टरही जास्त असतात. औषध काही आठवड्यांत जे करायला बघतं, त्यातलं थोडं आईच्या जिभेने आधीच करून ठेवलेलं असतं.

हे सांगितल्यावर आई हसली. ''म्हणजे मी कमी चाटलं म्हणायचं!''

''नाही गं आई. तू चाटलंस म्हणून तर मी डॉक्टरकडे गेले.''

फोनवर ती रडत होती की हसत होती, अजून मला माहीत नाही. पण पुढच्या रविवारी ती एस.टी.ने आली, डब्यात बेसनाचे लाडू घेऊन. साखरपाण्याची सांगली आवृत्ती!

उंदीर तो उंदीरच

उंदरांवर फार विश्वास टाकायचाही धोका आहे, हे सांगायला हवं. उंदीर निशाचर. त्याचं हॉर्मोन संध्याकाळी चढतं, आपलं सकाळी. आणि डिप्रेशन बायकांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट, पण उंदीर बहुतेक नर! २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार न्यूरोसायन्समध्ये फक्त नरांवर केलेले अभ्यास फक्त माद्यांवर केलेल्या अभ्यासांच्या साडेपाच पट होते. स्ट्रेस हॉर्मोनची घंटाच मुळात दाबून टाकणारी औषधं प्राण्यांमध्ये छान चालली, माणसांच्या डिप्रेशनवर मात्र त्यांनी निराशाच केली.

मग माणसांचं काय? २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्णांचा एकत्र हिशेब छापून आला. तपासलेली २१च्या २१ औषधं नकली गोळीपेक्षा सरस ठरली. पण फरक सरासरीने बेताचाच, आणि कुणाला कुठली लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. जादू नाही, थापही नाही.

आणि एक गोष्ट उंदराला जमत नाही, ती आपल्याला जमते. पिंजरा थोडा सरळ करता येतो. १९७०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जे वाइसने दाखवलं होतं, की दोन उंदरांना अगदी सारखेच शॉक दिले, पण एकाला आधी सूचनेचा आवाज ऐकवला, तर त्याला अल्सर कमी होतात. त्रास तेवढाच, फक्त कधी येणार ते माहीत. मी तो धडा उचलला. पेमेंट अडकवणाऱ्यांना मेल टाकला, 'तारीख सांगा, मगच पुढचं काम.' तारीख मिळाली. महिनाभर लांबची होती, पण होती! समोरच्या फ्लडलाइटसाठी जाड पडदा घेतला. पाण्याचं मात्र काही करता आलं नाही.

रक्तातलं कॉर्टिसॉल मी मोजून घेतलं नाही, डॉक्टरांनीही सांगितलं नाही. माझी परीक्षा वेगळीच झाली.

सहाव्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी रूममेटने चहा टाकला. मी लॅपटॉपवर होते. एक घोट घेतला आणि न बघताच म्हटलं, ''साखर विसरलीस.''

ती डबा घेऊन आली, पण साखर घालेना. नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली. मग हातात नसलेल्या स्टॉपवॉचचं बटण दाबल्यासारखं केलं आणि विचारलं, ''किती?''

''दोन,'' मी म्हटलं. ''नेहमीसारखी.''